तानूबाईचं उरलेलं बोलणं

त्या दिवशी तानूबाईने सकाळीच रेडिओ लावला आणि कुणाला त्याला हात लावू दिला नाही. सुट्टीचा वार होता, आणि खडोलीच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं की आज तानूबाई साऱ्या देशाला ऐकू जाईल अशी बोलणार आहे. शेजारच्या चिमाबाईने तर आपल्या टॉर्चमधले सेल उन्हात तापवून आणून दिले होते.

पंधरवड्यापूर्वी झाकणांच्या कारखान्यात रेडिओची बाई आली होती. कामगारांशी गप्पा, असा काही कार्यक्रम होता. शेठ चहाचं बघायला गेला, तेव्हा बाईने माईक तानूबाईच्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, "मनात असेल ते मोकळेपणी बोला." आणि तानूबाई बोलली, अगदी रीतीने बोलली. तिच्या साक्रीकडच्या गावात कुणाच्या दारात गाऱ्हाणं घेऊन गेलं, तर आधी त्याचं चांगलं बोलायचं, मग मुद्द्याला हात घालायचा. ऐकणाराही मधे तोडत नाही, कारण खरं बोलणं मागून येणार, हे त्यालाही माहीत असतं.

खरं बोलणं होतं प्रेसचं, पत्र्यातून झाकणं कापणाऱ्या मशीनचं. हात आत जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी त्या मशीनला नव्हती. गेल्या होळीच्या सुमारास तिच्या नवऱ्याची, झिपरूची, तीन बोटं तिथे गेली. शेठ म्हणाला, माणूसच बेसावध. आणि आता ही सुट्टी झाली की दुसऱ्या दिवसापासून त्याच मशीनवर सोनी बसणार होती, तानूबाईची मुलगी, पुरती सतरा वर्षांचीही नव्हती. देशभर बोभाटा झाला की शेठला झक मारत जाळी बसवावी लागेल, एवढाच तानूबाईचा हिशेब.

रेडिओ दिवसभर बोलत राहिला. बातम्या झाल्या, बाजारभाव झाले. एका बाईंनी गोड आवाजात सांगितलं, की घरातल्या स्त्रीने रोज दूध आणि फळं घ्यावीत. "धाडून दे मग," तानूबाई भाकरी थापता थापता म्हणाली. कुणी डोंगरातल्या पक्ष्यांवर बोललं, कुणी हॉकीच्या मॅचवर घसा फोडला. दुपारी एक साहेब उद्योगांची भरभराट सांगत होते. झिपरूने उरलेल्या दोन बोटांनी विडी धरली आणि तोंड भिंतीकडे केलं.

उन्हं उतरली तेव्हा कामगारांच्या मराठी गप्पांची पाळी आली. खोलीत बाया दाटीने बसल्या. आणि एकदम डब्यातून तानूबाई बोलली, "शेठ भला माणूस आहे. दिवाळीला मिठाई देतो. आमच्या पोरींना काम देतो."

चिमाबाईने टाळी वाजवली. तानूबाई पुढचं ऐकायला वाकली. पुढे सनई वाजली, आणि निवेदक म्हणाला, असे असतात मालक आणि कामगार, एका कुटुंबासारखे.

"पुढलं कुठे गेलं?" झिपरूने विचारलं.

तानूबाईच्या अंगाची लाही लाही झाली. कापलं होतं मेल्यांनी! तिच्याच तोंडाने शेठची आरती ओवाळून घेतली होती. बोटं तोडणारं मशीन परवडलं, ते निदान दिसतं तरी. तिने रेडिओ उचलला, आपटणार होती, पण सेल चिमाबाईचे होते. रेडिओ खाली ठेवून ती म्हणाली, "रीत पाळली, तिथेच फसले मी. आधी बोटं सांगायला हवी होती."

"माय, छोड ना," सोनी पुटपुटली. "काम जाएगा. मी बसते उद्या, सांभाळून बसते."

"तुझा बापही सांभाळूनच बसायचा," तानूबाई कडाडली. त्या खोलीत कुणाला जेवण गेलं नाही.

सकाळी मायलेकी कारखान्याच्या गेटवर पोचल्या तर कर्ण्यातून तानूबाईचाच आवाज येत होता. मुकादम भगवंतने रेडिओवरून कॅसेट भरून घेतली होती आणि शेठच्या हुकमाने तीच पुन्हा पुन्हा वाजवत होता. आसपासच्या किलवणीहून, अथालहून आलेल्या बाया थबकून ऐकत होत्या. कुणी तानूबाईकडे बघून थुंकलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चालो, चालो, टाइम थयो," भगवंत ओरडला. "सोनी, तू प्रेसवर."

कर्णा म्हणाला, "आमच्या पोरींना काम देतो."

"पण!" तानूबाई गेटमध्येच उभी राहून ओरडली. "पण प्रेसला जाळी नाही! माझ्या माणसाची तीन बोटं खाल्ली त्या प्रेसने! हे बोलले होते मी, हे कापलं यांनी!"

भगवंतने गडबडून कॅसेट बंद केली. तानूबाईला दम लागला होता. नोकरी गेल्यातच जमा होती.

"ती गई काम से," भगवंत म्हणाला. "सोनी, तू चल. तुझं नाव खराब नको करू."

सोनी पुढे झाली. मुकादमाजवळ गेली, खाली मान घालून हळू आवाजात, अगदी रीतीने म्हणाली, "भगवंतभाई, तुम्ही भले माणूस. शेठ भला माणूस."

भगवंत हसला. पण गेटवरच्या, साक्रीकडून आलेल्या साऱ्या बाया ते ऐकून एक पाऊल पुढे सरकल्या. पुढे काय येणार, हे त्यांना ठाऊक होतं.