डावं दार आणि बेल्ह्याचा बैल

विमा कंपनीचं पत्र येऊन सव्वीस दिवस झाले, तरी सावळेराम गुरुजींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधंच होतं. ‘अपघात कसा घडला व चूक कोणाची, हे लिहून तीस दिवसांत टपालाने पाठवावे, अन्यथा दावा बंद करण्यात येईल.’ गुरुजींचं घोडं अडलं होतं ते ‘चूक कोणाची’पाशी. जन्मभर त्यांनी आणे गावच्या शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. पोराने पुस्तक फाडून आणलं, तरी आपणच पातळ कागदाचं विकत घेतलं असेल, असं त्यांना वाटायचं.

घडलं होतं ते एवढंच. बेल्ह्याच्या बाजारात गाडी लावायला गेले, तर एक बैल आडवा उभा. लोकांना राग येईल म्हणून गुरुजी सहसा हॉर्न वाजवत नसत. पण मागचे टेम्पोवाले बोंबलायला लागले, तसा त्यांनी भीतभीत वाजवला. बैलाने मागचा पाय उचलला आणि डावं दार आत बसवलं.

बैलाचा व्यापारी तालिब धावत आला. “सर, चूक माझी. दावं लांब सोडलं व्हतं.”

“छे, छे! हॉर्न मी वाजवला. चूक माझी.”

दोघंही माघार घेईनात. भांडण बघायला जमलेले लोक कंटाळले. “ह्यांचं काय खरं न्हाई राव,” म्हणत एकेक जण पांगला.

तेव्हापासून दार उघडेना. मागं बसलं की गुरुजींच्या पत्नी प्रयागबाईंना मळमळायचं, म्हणून त्या उजव्या दाराने शिरून, गिअर ओलांडून, लुगडं सावरत आपल्या जागी पोचायच्या. इकडे गुरुजींनी उत्तराचे नऊ कागद फाडले. तालिबचं नाव लिहावं, तर कंपनी त्याच्या मागे लागणार. बैलाचं लिहावं, तर मुक्या जनावराने आपली बाजू कुठे मांडायची? स्वतःचं लिहावं, तर दावा नामंजूर आणि बायकोचं दार जन्माचं बंद.

सत्ताविसाव्या दिवशी प्रयागबाईंनी त्यांना आळेफाट्याला आदेशकडे नेलं. विमा त्यानेच उतरवला होता.

“काका, फुल विमा हाये तुमचा,” आदेश म्हणाला. “चूक तुमची असली तरी तुमच्या गाडीचा खर्च मिळतो. प्यायला व्हता का?”

“शिव शिव!”

“लायसन?”

“आहे की.”

“मग खरं काय ते लिवा न् मोकळे व्हा.”

गुरुजींचा चेहराच उतरला. “मग चूक कोणाची, हे विचारलं कशाला?”

“छापील पत्र हाये ते. सगळ्यांना जातं.”

“म्हंजी महिनाभर मी गिअरवरनं कोलांट्या मारल्या, त्या कशापायी?” प्रयागबाई कडाडल्या.

“चूक माझी,” गुरुजी पुटपुटले.

“आवं, ते न्हाई इचारलं!”

गुरुजींनी तिथेच बसून लिहिलं. ‘बैल उभा होता. हॉर्न मी वाजवला. त्याने लाथ मारली. चूक माझी.’ खाली सही केली. आदेशने तिकिटं लावून दिली.

पोस्टाच्या पेटीशी मात्र पाकिटाचं एक टोक आत आणि दुसरं गुरुजींच्या बोटांत, असं बराच वेळ चाललं.

“आता काय झालं?” प्रयागबाईंनी गाडीतून हाळी दिली.

“बैलाचा रंग लिहायला हवा होता का गं?”

“उतरू का मी खाली?”

गुरुजींनी पाकीट सोडलं.