दोरीवरची काळी चड्डी

मी एक जुनी चड्डी आहे. सायकल चालवताना घालतात ती; काळी, गुडघ्याच्या जरा वर संपणारी आणि आतून गादी शिवलेली. मित्रांनो, हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबते. चारचौघांत माझे नाव काढायलाही माणसे लाजतात, हे मला ठाऊक आहे. पण एका बाईंची नोकरी टिकली त्यात माझाही वाटा आहे, आणि ती हकीकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म शिवणयंत्रांच्या एका लांबलचक खोलीत झाला. तिथे माझे कापड ताणून पाहिले गेले आणि माझ्यात मागे जाड, पुढे पातळ अशी गादी बसवली गेली. शिवण कुठे टोचत नाही ना, हे हात फिरवून तपासले. मग घडी, पिशवी, खोके, आणि शेवटी सायकलच्या दुकानातली कोपऱ्यातली खुंटी. समोरच्या फळीवर चकचकीत हेल्मेटे मिरवत होती. येणारे-जाणारे त्यांना कौतुकाने हातात घेत. मला मात्र बोटाने दाबत आणि म्हणत, "ही चड्डी आहे की उशी?" कोणी विकत घेत नसे. लाजेने माणसाचे किती नुकसान होते, हे मी त्या खुंटीवरच शिकले.

एके दिवशी आमच्या बाई दुकानात आल्या. आल्या त्या लंगडत, पाय फाकवून, जणू पायांमध्ये अजून सायकलच आहे.

बाई घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपत. वर्षानुवर्षे त्या सखल भागातल्या गल्ल्या पायी फिरल्या होत्या. पण तिथे आता नवे मीटर आले, त्यांचे आकडे आपोआप कचेरीत पोहोचू लागले. जुने मीटर उरले ते टेकडीवरच्या वस्तीत, आणि ती वस्ती दूर होती. ज्याच्याकडे वाहन असेल त्याने टेकडीचे काम घ्यावे, बाकीच्यांनी परगावच्या गोदामात जावे, असा हुकूम निघाला. गोदामात जायचे म्हणजे तिथेच राहायचे. घरी सासूबाईंचे गुडघे धरलेले, नवरा रंगकाम करणारा, पहाटे शिडी खांद्यावर घेऊन बाहेर पडणारा. घर सोडून बाई जाणार कशा? स्कूटरच्या परवान्यासाठी त्या दोनदा परीक्षेला बसल्या होत्या. दुसऱ्यांदा गाडी परीक्षकांच्या पायावरून गेली, तेव्हा तो नाद त्यांनी सोडला. राहिली सायकल. ती त्या लहानपणी मैदानात गोल गोल चालवायच्या, तेवढीच.

"मी टेकडी घेते," असे त्यांनी कचेरीत सांगून टाकले. सगळी वस्ती टिपून दाखवायला साहेबांनी एक महिना दिला.

शेजाऱ्यांची जुनी गिअरची सायकल त्यांनी घेतली आणि बाजारात जाऊन सगळा जामानिमा केला. आता तो कसा केला ते ऐका. जाड सुती सदरा घेतला, छातीवर आगीच्या ज्वाळा छापलेला. तो घामाने जो भिजायचा तो वाळायचाच नाही, आणि टेकडीच्या माथ्यावर वारा लागला की बाई कुडकुडायच्या. पायघोळ पँट घेतली, तिची मोहरी चेनमध्ये अडकून बाई भर चौकात आडव्या झाल्या. सीट टोचते म्हणून तिच्यावर मऊ, फुगीर खोळ चढवली, तर बूड त्यात रुतून जास्तच दुखू लागले. हेल्मेट घेतले ते अंबाडा मोडू नये म्हणून एक माप मोठे. ते उतारावर डोळ्यांवर यायचे.

दुकानात गल्ल्यावर दुकानदाराची बहीण बसे. ती स्वतः रोज सायकल चालवणारी. बाईंची चाल पाहूनच तिने ओळखले. तिने त्यांना मागच्या खोलीत नेले, स्टुलावर बसा म्हणाली, आणि बाई "उभीच बरी आहे" म्हणाल्या तेव्हा मुळीच हसली नाही.

"कुठे दुखतं ते नीट सांगा. मी रोजच ऐकते," ती म्हणाली.

बाईंनी मान खाली घालून सांगितले. मग तिने कामाला सुरुवात केली. आधी हेल्मेट बदलले. अंबाडा खाली, मानेवर बांधायला लावला, पट्टा हनुवटीखाली आवळला आणि बाईंना डोके जोरात हलवायला सांगितले. हेल्मेट हलत असेल तर ती नुसती टोपी झाली, असे तिचे म्हणणे. तळव्यांना गादी असलेले हातमोजे दिले. घाम धरून न ठेवणारा, लांबून दिसेल असा नारिंगी सदरा दिला आणि ज्वाळांचा सदरा घरी झोपताना घाला म्हणाली. पँटची मोहरी आवळायला एक पट्टी दिली. सीटची खोळ तर तिने स्वतःच ओढून काढली.

शेवटी तिने दोन चड्ड्या समोर ठेवल्या. एक मी, आणि दुसरी माझ्या शेजारच्या खुंटीवरची, चांगली गुबगुबीत. बाईंनी दोन्ही दाबून पाहिल्या आणि गुबगुबीत उचलली.

"हाताला तीच मऊ लागते," बहीण म्हणाली. "पण तुम्ही हातावर थोड्याच बसणार आहात?"

बाईंना हसू आले. पडद्याआड जाऊन त्यांनी दोन्ही घालून पाहिल्या आणि दुकानातल्या सायकलवर बसूनही पाहिले. गुबगुबीत मांड्यांशी चुरगळत होती. मी मुकाट्याने अंगाशी बसले. बाई मला घेऊन निघाल्या. वरून सैल पँट घातली तर चालेल का, असे त्यांनी दारातून हळूच विचारले. चालेल, ती म्हणाली; फक्त आत दुसरे काही घालू नका, आणि रोज धुऊन, उलटी करून, उन्हावाऱ्यात वाळवा.

मित्रांनो, माझे ते पहिले दिवस किती सुखाचे होते म्हणून सांगू! चढ आला की बाई पुढे झुकत, दात आवळत, आणि मी त्यांच्याखाली घट्ट राही. आधी अर्ध्या चढावर त्या उतरून सायकल ढकलत. मग वळणापर्यंत जाऊ लागल्या, मग वळणाच्या पुढच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. "टाकी आली, आता घरं," असे त्या धापा टाकत स्वतःशीच म्हणत. टेकडीवरची घरे एकेक करून वहीत उतरू लागली.

पण दुकानातली एक गोष्ट बाईंनी मनावर घेतली नाही. त्या मला धूत, पण बाहेर दोरीवर घालत नसत. गल्ली काय म्हणेल, सासूबाई काय म्हणतील! म्हणून कपाटामागे, खिळ्यावर, वर टॉवेल टाकून मला लपवत. तिथे ना ऊन ना वारा. मी सकाळपर्यंत दमटच. तशीच ओली मला त्या अंगावर चढवत आणि कामाला जात. मला कुबट वास येऊ लागला. माझे मलाच ओशाळे वाटे, पण मी बोलणार कशी?

व्हायचे तेच झाले. बाईंच्या बैठकीच्या जागी गळू झाले, चांगले लिंबाएवढे. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी औषध दिले आणि बरे होईपर्यंत सीटवर बसायचे नाही, अशी तंबी दिली. बाईंनी कचेरीत निरोप पाठवला, 'बरे नाही.' काय बरे नाही, ते काही लिहिले नाही. महिना संपत आला होता, अर्धी वस्ती बाकी होती. नवरा रंगाचे हात पुसत म्हणाला, "एवढ्या भिंती रंगवल्या, पण असा रंग उडालेला चेहरा पाहिला नव्हता. काय ते सांग तरी." बाईंनी सांगितले नाही. त्या पालथ्या पडून राहिल्या.

आणि अशात सासूबाईंना वास आला.

"घरात उंदीर मेलाय," असे म्हणत त्या भिंतीला धरून शोधू लागल्या. कपाटामागे हात घातला, टॉवेल ओढला, आणि मी त्यांच्या हातात आले. त्यांनी मला उजेडात धरले, उलटी केली, गादीवर अंगठा दाबला, ओल पाहिली. आता माझी रवानगी कचऱ्यात, असे मला वाटले. पण त्या मला घेऊन मोरीत गेल्या, गुडघे दुखत असताना पाटावर बसल्या आणि मला साबणाने स्वच्छ धुतले. पिळताना गादी पिरगळली नाही. दोन तळव्यांत दाबून पाणी काढले. मग समोरच्या दारी, भर गल्लीत, दोरीवर चादर आणि आपल्या रंगारी मुलाचा रंगाने माखलेला सदरा यांच्या मधोमध मला वाळत घातले.

बाई उठून दारात आल्या आणि थिजल्याच.

"आई, ती आत घ्या ना. सगळी गल्ली बघतेय."

"बघू दे," सासूबाई म्हणाल्या. "नोकरी तुझी जाणार आहे, गल्लीची नाही."

सासूबाईंनी मला चिमटे लावले.

"अंगाला लागतं ते कापड उन्हात वाळलं पाहिजे. तुझ्या नवऱ्याचे लंगोट मी काय कपाटामागे वाळवत होते? आणि दुखत होतं तर मला सांगायचं नाही होय? मी काय परकी?"

बाई उंबऱ्यावर बसायला गेल्या, बसवेना, म्हणून उभ्यानेच रडल्या. तेवढ्यात पलीकडच्या घरातून विचारणा झाली, काकू, हे काय वाळत घातलंय? सासूबाईंनी मागे वळूनही पाहिले नाही. सुनेची कामाची चड्डी आहे, सून टेकडी चढते, असे त्यांनी खणखणीत आवाजात सांगितले. त्या दिवशी मला पहिल्यांदा ऊन मिळाले. गादीच्या पार आतपर्यंत ते पोहोचले.

गळू बरे झाले आणि बाई कचेरीत गेल्या. सैल पँटच्या आत मी होतेच, म्हणून पुढचे सगळे मी स्वतः ऐकले. हजेरी ठेवणारे एक वयस्कर कारकून होते. सतत भिंतीवर नजर, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. बाईंनी सायकल सोडली बहुतेक, असे त्यांनी आधीच साहेबांच्या कानावर घातले होते.

साहेब म्हणाले, "जमत नसेल तर तसं सांगा. गोदामाचा हुकूम तयार आहे."

बाईंनी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले, ते मला कळले.

"जमतंय, साहेब. सीटवर बसून गळू झालं होतं. लाजेपायी चड्डी आत लपवून ठेवायचे, ती ओलीच राहायची. आता दारात वाळवते. पुन्हा नाही होणार."

घड्याळकाकासुद्धा घड्याळ विसरले. साहेब खाकरले, कागद उगाच सरळ केले, आणि उरलेली वस्ती कधी होईल, एवढेच त्यांनी विचारले.

"शनिवारी. दिवस मावळायच्या आत."

शनिवारी वारा समोरून होता. टाकीपाशी बाईंनी श्वास घेतला आणि पुढे निघाल्या. खडी पसरलेल्या वळणावर चाक घसरले आणि त्या पडल्या. हातमोजा फाटला, पण तळवा शाबूत राहिला. हेल्मेट दगडावर आपटले, डोके नाही. कपडे झटकून त्या पुन्हा बसल्या. एकामागून एक घरे झाली. शेवटच्या घराला मात्र कुलूप होते. 'घर बंद' असा शेरा मारून परत येता आले असते, आणि त्यात खोटे काही नव्हते. पण घरमालक खाली बाजारात बसतात असे शेजाऱ्यांकडून कळले. बाई टेकडी उतरल्या, त्यांना शोधून किल्ली घेतली आणि तो अख्खा चढ पुन्हा चढल्या. या वेळी कुठेही न उतरता. माझ्या शिवणी ताणल्या, घामाने मी चिंब झाले, पण बाईंना कुठे टोचू दिले नाही. त्यांनी शेवटचा आकडा टिपला. कचेरीत पोहोचल्या तेव्हा खिडकीत अजून ऊन होते. साहेबांनी वही पाहिली आणि गोदामाचा तो हुकूम फाडून टोपलीत टाकला. बाईंनी घरी येऊन आधी सासूबाईंना सांगितले, मग मला धुतले.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी टेकडी चढले. माझ्या जोडीला दुसरी एक आली, म्हणजे एकीला आराम मिळे. कचेरीतल्या आणखी बायका सायकल घ्यायचे म्हणू लागल्या, तेव्हा त्या आधी आमच्या घरी येत. बाई मला उलटी करून त्यांच्यापुढे धरत आणि शिवण कशी सपाट हवी, गादी कशी घट्ट हवी ते दाखवत. सासूबाई खाटेवरून सांगत, वाळवायची कुठे तेही सांग.

आता माझे कापड विरले आहे आणि गादी चपटी झाली आहे. मला घालून बाईंनी चढावर जावे, असे मलाच वाटत नाही. मित्रांनो, एवढेच सांगते. नवे काम हाती घ्याल तेव्हा मिरवायच्या वस्तूच्या आधी अंगाला लागणारी वस्तू पारखून घ्या. ज्या वस्तूवर रोज भार टाकता, तिला धुवा, तिला ऊन दाखवा. दुखले तर आपल्या माणसाला सांगा. आणि ती वस्तू थकली की तिच्यावरचा भार उतरवा, पण तिला टाकून देऊ नका.

बाईंनी मला टाकले नाही. माझे दोन तुकडे करून त्यांनी सायकलच्या हँडलला बांधून ठेवले आहेत. फेरी संपली की त्या माझ्या तुकड्यांनी चेन पुसतात. मी तेलकट झाले आहे, ओळखूही येणार नाही. पण मी अजून कामावर आहे, आणि उद्या पुन्हा टेकडीवर जायचे आहे.