अंतिम सामन्याआधीची पंगत

“काऊन, आमच्या घरचं अन्न पोरीयले चालत नाई का?”

उत्तमरावांनी तुपाची वाटी खाली ठेवली. मोताळ्याच्या मैदानालगत त्यांच्या मळ्यात नऊ पत्रावळी मांडल्या होत्या. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी. बाहेरगावच्या संघाला दुपारी आग्रहाने जेवू घालायचे हा गावाचा रिवाज. वाढलेल्या पंगतीला नाही म्हणणे म्हणजे यजमानाचे नाक कापणे.

खो-खोच्या मुली निंबाखाली थांबल्या होत्या आणि शाळेच्या शिपाईण जनकाबाई त्यांची वाट अडवून उभ्या होत्या.

“चालते ना, भाऊ. पन चार वाजता फायनल हाय. खेळ झाल्यावर जेवतीन.”

“तवरिक उपाशी पळवता?”

जनकाबाईंनी गाठोडे सोडून दाखवले. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, गूळ. मडक्यात मीठ घातलेले पातळ ताक. सकाळपासून दोन सामने झाले होते. प्रत्येक सामन्यानंतर मूठभर आणि घोटभर.

“हे तं चिमण्यायचं खानं!” मागून कोणी हसले.

गेल्या वर्षी मुली अशाच पंगतीला बसल्या होत्या. अंतिम सामन्यात गुलनार, संघातली सर्वांत चपळ मुलगी, मैदानातच ओकली. आणखी दोघी पोट धरून बसल्या. शाळेच्या समितीने निदान केले : मुलींच्या अंगात दम नाही. यंदा ढाल आणा, नाहीतर खो-खो बंद.

ओकारीवर माती टाकायला जनकाबाई गेल्या होत्या. त्यात रोडग्याचे न चावलेले तुकडे त्यांनी पाहिले होते. समितीतल्या कोणी ते पाहिले नव्हते. जनकाबाईंनी ही गोष्ट खेळाच्या बाईंना, सिंधूताईंना सांगितली. चौथी शिकलेल्या शिपाईणीचे म्हणणे सिंधूताईंनी मानले.

पण उत्तमरावांचा चेहरा उतरला होता. पहाटे चारपासून त्यांच्या घरच्या बाया कणीक तिंबत होत्या.

“पोरीयच्या वाटचं मी जेवतो,” जनकाबाई म्हणाल्या. “मंग तं झालं?”

सिंधूताईंनी त्यांचा हात धरला. “बाई, आज चतुर्थी ना तुमची?”

“गनपती समजून घेईन. समिती नाई समजून घेत.”

त्या पंगतीला बसल्या. उत्तमरावांनी पहिला रोडगा कुस्करून वर तूप ओतले. मग दुसरा. “नऊ जनीयच्या वाटचं हाय, बाई!” आता मळ्यातले सगळेच हसू लागले. एरवी अर्ध्या भाकरीवर भागवणाऱ्या जनकाबाईंनी चार रोडगे संपवले. पत्रावळीवर कण ठेवला नाही.

त्यानंतर त्यांना उठवेना. मैदानावर शिट्टी झाली तेव्हा त्या निंबाच्या बुडाशी आडव्या होत्या, श्वास आखूड झालेला. ज्या सामन्यासाठी वर्षभर जीव टांगलेला, तो त्यांना फक्त ऐकू येत होता. “खो!” मग पाय वाजायचे. मग पुन्हा “खो!” एकदा सगळे मैदान गप्प झाले. आता गुलनार पुन्हा पोट धरून बसली, असे वाटून त्यांनी डोळे मिटले.

गुलनार धावतच आली. “मावशी, ढाल आपली! दोन गुनानं!”

“पोट दुखते का?”

“नाई बा. पन भूक लागली ना जोराची!”

बक्षीस समारंभाला पंचायत समितीचे सभापती होते. ढाल सिंधूताईंच्या हाती देऊन ते माइकपाशी गेले. “या मुलींच्या पायांत बळ कुठून आलं? आमच्या उत्तमरावांच्या तुपातल्या रोडग्यांतून!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. खुर्चीवरचे उत्तमराव काही सांगायला अर्धवट उठले. त्यांची नजर गर्दीच्या मागे, निंबाला टेकून उभ्या असलेल्या जनकाबाईंकडे गेली.

जनकाबाईंनी मान हलवली, नको अशी.

उत्तमराव खाली बसले. जनकाबाईंनी पदर सावरला आणि त्या इतरांबरोबर टाळ्या वाजवू लागल्या.