कादंबरीत नसलेली मावशी

आमच्या कॉलेजच्या वाचक मंडळात वाचन सोडून सगळं होतं. चहा होता, गोलात मांडलेल्या खुर्च्या होत्या आणि वाचल्याचा आव आणण्यात एकेक जण तरबेज होता. त्या महिन्याची कादंबरी मी सोडून कुणी उघडलीही नव्हती, हे पाच मिनिटांतच कळलं. माझं डोकं सटकलं. मी उठून ठोकून दिलं, "मला ती आंधळी मावशी फार भावली. शेवटी ती चाचपडत घराला कुलूप लावते ना, तिथे रडूच आलं."

कादंबरीत मावशी नाहीच. आंधळी नाही, डोळस नाही, कुणाचीच नाही.

तरी सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. "अहाहा, ते कुलूप!" म्हणत आमच्या सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या मित्राने तर मावशीवर निबंध खरडून बक्षीस लाटलं.

सहामाहीच्या पेपरात सरांनी प्रश्नच घातला, 'मावशीचे व्यक्तिचित्र रेखाटा.' मी ठणकावून लिहिलं, 'या कादंबरीत मावशी नाही.'

पेपर परत आला तेव्हा त्या उत्तरापुढे शून्य होतं आणि खाली लाल शाईत सरांचा शेरा, 'आधी पुस्तक वाचा.'