फुंकायच्या आधी

"आला वाटतं परत फोन राणीसाहेबांना," जुमिरा म्हणाली, आणि शेगडीभोवतीच्या बाकीच्या दोघी खी खी करून हसल्या.

वार्सितीनं हातातली लेखणी मेणाच्या कढईत टाकली, मांडीवरचं कापड बांबूच्या चौकटीवर सारलं आणि विहिरीकडं निघाली. निघाली कसली, पळालीच. सकाळपासूनची ही पाचवी खेप. विहिरीमागं पत्र्याची मोरी होती. आत जाऊन तिनं लुंगी वर केली, फडक्याची ओली घडी काढली, पिळली, दुसरी लावली. ओली घडी पिशवीत कोंबून गाठ मारली. वर आणखी एक गाठ. वासाचा काही भरवसा नसतो.

लासेम गावातल्या या बातिकच्या, म्हणजे मेणानं नक्षी काढून कापड रंगवायच्या कारखान्यात ती तेराव्या वर्षापासून बसत होती. आता चोवीस. तिच्यासारखी रेघ अख्ख्या गल्लीत कुणाला मारता यायची नाही. पण या कामाची एक खोड आहे. मेणाच्या लेखणीची तांब्याची चोच असते सुईएवढी, त्यात मेण अडकतं. म्हणून कढईत बुडवली की कापडाला लावायच्या आधी चोचीत एक फुंकर मारायची. फू, मग रेघ. दिवसाला हजारदा तरी फू. आणि पाच महिन्यांपूर्वी पोरगी झाल्यापासून दर फुंकरीला खाली थेंब पडत होता. मोठी फुंकर, मोठा थेंब. शिंक आली तर विचारूच नका.

म्हणून तिनं पाणी प्यायचं सोडलं होतं. मेणाच्या धुरात बसून दिवसाला एक पेला. जीभ टाळूला चिकटायची, तरी थेंब काही थांबत नव्हते.

सांगणार कुणाला? कुणा याराचा फोन वाटतोय तर वाटू दे. नवरा दार्सोनो सात महिने बोटीवर होता, लांब समुद्रात माकुळ मासे धरायला गेलेला. बाईचं लफडं लोक चार दिवस चघळतात आणि थुंकतात. पण मुतरी बाई? ती मेली तरी मुतरीच.

त्या दिवशी सहाव्या खेपेला पाय अडकला. पाणी न पिऊन चक्कर आलेलीच होती. शेगडी कलंडली, आणि कढईतलं सगळं मेण जुमिराच्या चौकटीवर. नवरीचं कापड होतं. दोन महिन्यांचं काम.

"सटवे!" जुमिरा किंचाळली. "यारासाठी धावतेस आणि माझ्या पोटावर पाय देतेस?"

मालकीण बाहेर आली. सगळ्या तिला ताचिक म्हणायच्या. तिनं कापड उचलून उजेडात धरलं, खाली ठेवलं. ओरडली नाही.

"घरी जा. त्या बाप्याचं काय ते मिटव आणि सोमवारी ये. मिटलं नाही तर येऊ नको. माझ्या शेगडीवर मन ठिकाणावर असलेली बाई लागते."

वार्सितीनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. गिळला आणि चालायला लागली. पाय चिकटत होते एकमेकांना.

ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सासू दारातच उभी, पोरगी कडेवर. वार्सिती तिला माक म्हणायची.

"कोण आहे तो?"

"कुणी नाही, माक."

"सगळी गल्ली खोटी आणि तू एकटी खरी? माझा पोरगा तिकडं लाटा खातोय आणि तू—"

वार्सितीचं डोकंच फिरलं. पिशवीच्या दोन्ही गाठी तिनं दातांनी तोडल्या आणि ओली फडकी सासूच्या पायाशी आपटली.

"हा घ्या! हाच तो! वास घ्या आणि विचारा त्याला, कुठल्या गावचा आहेस म्हणून!"

म्हातारीनं खाली बघितलं.

"एवढंच ना," ती म्हणाली. "पट्टा सैल बांधतेस तू."

बाळंतपणानंतर पोटाला बांधायचा पट्टा, वीतभर रुंद, बारा हात लांब. रीत चाळीस दिवसांची. वार्सितीनं तो सोडलाच नव्हता, उलट रोज जास्त आवळत होती. आवळलं की आतलं आत राहील, असं आपलं तिला वाटायचं. आता सासूनं खांबाला पाय लावला आणि दोन्ही हातांनी ओढला. वार्सिती भोवऱ्यासारखी फिरली.

"श्वास आत घे. अजून."

"माक, बरगड्या मोडतील."

"मोडू देत. बरगड्या कुणाला दिसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी गावच्या सभागृहात बाळांची वजनं होती. सरकारी दवाखान्याची नर्स बू रेत्नो, म्हणजे रेत्नोबाई, दर महिन्याला यायची. तराजू वाशाला टांगलेला, खाली कापडाची झोळी. सासूही सोबत आली होती. वार्सितीनं पोरगी झोळीत ठेवायला उचलली आणि तिच्या टाचांशी ओल पसरली. थेंब नाही, धार. मागं अकरा बायका रांगेत.

बू रेत्नोनं बघितलं. हातातला चहाचा पेला तिनं सरळ त्या ओलीवर उपडा केला.

"अगं बाई! सांडला की माझा चहा! ए, कुणीतरी फडकं आणा. आणि तू गं, तुझी लुंगी भिजवली मी, चल आत, दुसरी देते. आजी, बाळ घ्या हो."

पडद्याआड आल्यावर ती नुसती म्हणाली, "कधीपासून?" आणि वार्सिती रडायलाच लागली. पाच महिन्यांचं एकदम.

पट्टा सोडताना बू रेत्नोला तिच्याभोवती चकरा माराव्या लागल्या. पोटावर लाल वळ उठले होते.

"टूथपेस्टची नळी वरून दाबतेस आणि खालून का येतं म्हणतेस? कुणी बांधला हा?"

"मी," सासू पडद्यातून तोंड घालून म्हणाली. "आमच्यात सगळ्या बांधतात."

"हलका बांधा, चाळीस दिवस बांधा, मी कुठं नको म्हणते? पण लघवी धरणारी खालची स्नायूंची झोळी बाळंतपणात ताणून सैल झालीय, आणि तुम्ही अख्खं पोट तिच्यावर ढकलताय." मग वार्सितीला, "समज, नमाजाला उभी आहेस, पोटात वारा दाटलाय. सुटला तर नमाज मोडतो, परत हातपाय धुवून यावं लागतं. कसा धरतेस?"

वार्सितीला लाजताही येईना.

"तसंच धर. पुढचंही, आत आणि वर. पोट आवळू नको, ढुंगण नको, श्वास चालू. मी हात लावून बघते. हं. एक, दोन, तीन, चार... सुटलं. चारच्या पुढं दम नाही. दहापर्यंत न्यायचं. एका वेळी दहादा, दिवसातून तीनदा. पाणी पी, नाहीतर आतून आग होईल. तीन महिने कर."

"तीन महिने?" वार्सितीनं तिचा हात धरला. "बू, मला सोमवारपर्यंत पाहिजे. सोमवारी माझी जागा जातेय."

"सोमवारपर्यंत एक युक्ती आहे फक्त. शिंकायच्या, उचलायच्या, फुंकायच्या आधी आवळ. आधी आवळायचं, मग फुंकायचं. थोडं थांबेल, सगळं नाही. आणि तीन महिन्यांनीही जमलं नाही तर जिल्ह्याच्या डॉक्टरकडं पाठवीन. तिथं पुढचे उपाय असतात."

सासू पट्ट्याची घडी घालत होती. बारा हात संपता संपेना.

"मग हा बांधायचाच नाही? मी तर बत्तीस वर्षं..." ती थांबली. हात आपसूक स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यावर गेला होता.

बू रेत्नोनं ते बघितलं. "आजी, तुम्हीपण या आत."

"मला काय धाड भरलीय!" म्हातारी वस्सकन ओरडली आणि नातीला घेऊन बाहेर गेली.

सोमवारी वार्सितीच्या जागेवर दुसरीच पोरगी बसली होती. जुमिरानं वर बघितलं नाही. ताचिक दारात आली.

"मिटलं त्या बाप्याचं?"

"बाप्या नाहीच आहे, ताचिक." वार्सितीनं पिशवी खाली ठेवली. "मला लघवी धरवत नाही. पोरगी झाल्यापासून. फुंकर मारली की सुटते. म्हणून पळते. तीन महिने लागतील म्हणालेत, त्याचीही खात्री नाही."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. जुमिरानं आपला पाट हळूच वीतभर मागं सरकवला, वार्सिती अजून बसलीही नव्हती तरी.

ताचिकनं विहिरीच्या दाराकडं हात केला.

"शेगडीवर चौघी बसतात. त्यांना नाही चालायचं. विहिरीच्या दाराशी जुनी शेगडी आहे, ती पेटव. ठिपके भरत जा. रेघा जुमिरा मारेल."

ठिपके म्हणजे नवशिक्या पोरींचं काम. अकरा वर्षांपूर्वी ती ठिपक्यांवरच बसली होती.

"बरं," वार्सिती म्हणाली.

शेगडी पेटली, मेण उकळलं. तिनं लेखणी बुडवली, आवळलं, आणि मग फुंकर मारली. कोरडी! ठिपका. परत बुडवली, आवळलं, फू, ठिपका. तिसरा, चौथा. ठिपके गोल पडत होते. नवव्याला धार सुटली.

तिनं लेखणी ठेवली. कापड चौकटीवर नीट टाकलं आणि उठली. सगळ्या बघत होत्या.

"बदलून येते," ती म्हणाली, आणि चालत गेली. एक पाऊल, मग दुसरं, विहिरीपर्यंत.

परत आली तोवर मेणावर साय धरली होती. तिनं पेलाभर पाणी प्यायलं, झावळीच्या पंख्यानं शेगडीला वारा घातला आणि मेण पातळ व्हायची वाट बघत बसली.