सत्तेचाळीस नंबरच्या दारावरचा आकडा

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. नायगावच्या संक्रमण इमारतीच्या तळमजल्यावर ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर खोलीधारक सभेला हजर होते, आणि चिटणीस संघमित्राने त्या सगळ्यांदेखत अध्यक्षांना प्रश्न विचारला.

"काका, सगळ्यांच्या दारावर आकडा आहे. तुमच्या का नाही?"

अध्यक्ष जयवंत सकपाळ यांनी चष्मा काढून पुसला. प्रश्न वर्मी लागला होता, कारण ती पद्धत त्यांनीच घातली होती. लालबागची चाळ पाडून बिल्डरने सगळ्यांना इथे आणले, तेव्हा आयुष्यभर फिटरकी केलेल्या जयवंतरावांनी स्वतःचा पोलादी टेप काढून एकेक खोली मोजली. टेपचे दुसरे टोक संघमित्राच्या हाती. कबूल केलेले एकशे ऐंशी चौरस फूट भरले, की चौकटीवर लाल रंगाने आकडा आणि खाली दोघांच्या सह्या. भरले नाहीत, तर भिंत सरकल्याशिवाय माणूस आत जायचा नाही. अशा अकरा भिंती त्यांनी सरकवायला लावल्या होत्या. बावीस वर्षांच्या अध्यक्षपदात बिल्डरचा चहासुद्धा त्यांनी घेतला नव्हता.

मग बिल्डरचा मॅनेजर रमाकांत माटुंग्याच्या फ्लॅटची चावी घेऊन आला. पत्नी शांताबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, इमारतीला लिफ्ट नाही, खोली तिसऱ्या मजल्यावर. अध्यक्षांसाठी कंपनी एवढे तर करतेच, असे तो म्हणाला. जयवंतरावांनी चावी घेतली. त्यांची सत्तेचाळीस नंबरची खोली आठ महिने कुलपात राहिली, न मोजलेली.

मागच्या रांगेतून रघूने टोमणा मारला, "काका आता माटुंगेकर. सभेला येतात, हेच नशीब समजा."

दोघे-चौघे हसले. संघमित्रा हसली नाही.

"मालनमावशी चौथ्या मजल्यावर बसत बसत चढतात, काका. त्यांच्या गुडघ्यांना कुणी चावी दिली?"

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. माझे नाव कशाला मध्ये, असे त्या पुटपुटल्या.

कंपनीतर्फे सभेला आलेला रमाकांत वाकून अध्यक्षांच्या कानाशी लागला. शांताबाईंच्या गुडघ्यांचा मागच्या तारखेचा डॉक्टरी दाखला संध्याकाळपर्यंत हातात येईल, साहेबांनी फक्त सभा तहकूब करावी. अनेकांना तेच हवे होते. जुनी माणसे काकांनी काय काय केले ते आठवू लागली होती, आणि मत घेतले असते तर जयवंतराव सहज तरले असते. ते त्यांनाही कळत होते.

ते उठले.

"फ्लॅट चारशे बारा चौरस फुटांचा आहे. पहिल्याच दिवशी पावलांनी मोजला. सवय जात नाही. बायकोच्या गुडघ्यांसाठी घेतला, त्याची मला लाज नाही. आकडा माहीत असून तो इथे माझ्या दारावर लिहिला नाही, त्याची आहे. म्हणून पद सोडतोय. कुणी काढलं म्हणून नाही."

हजेरीच्या वहीतच त्यांनी राजीनामा लिहिला, खाली तारीख आणि वेळ घातली. खिशातून चावी काढली, तसा रमाकांतने हात पुढे केला.

"रमाकांत, ही चावी तुम्ही जयवंतला दिली होती, की अध्यक्षाला?"

"अध्यक्षांना, साहेब."

"मग थांबा." त्यांनी चावी संघमित्रापुढे ठेवली. "निवडणूक होईपर्यंत कारभार हिच्याकडे. कुणाचे गुडघे आधी, ते सभा ठरवेल."

मालनबाईंचे नाव घ्यायला सभेला दोन मिनिटेही लागली नाहीत. रमाकांतने समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि तो दाराकडे वळला.

पुढच्या रविवारी शांताबाई चोपन्न पायऱ्या चढल्या. दोनदा थांबल्या, हात मात्र कुणाचा घेतला नाही. वर पोचल्यावर म्हणाल्या, "अहो, टेप आणलाय ना? मग बघत काय राहिलात?"

या वेळी शून्याचे टोक जयवंतरावांनी धरले, आकडा संघमित्राने वाचला. मग पुन्हा वाचला. कोपऱ्यात पाइप झाकायला एक आडभिंत घातलेली होती. इतर कुठल्याच खोलीत तशी नव्हती. एकशे शहात्तर.

"काका, चारच फुटांचा प्रश्न आहे. सामान लावून घ्या. उद्या कंपनीला पत्र देते."

"उद्या कशाला? आज दे."

त्यांनी ट्रंक उचलून पुन्हा बाहेर गॅलरीत ठेवली. शांताबाई तिच्यावर पाय लांब करून बसल्या आणि शेजारणीने आणलेला चहा त्यांनी ऐटीत घेतला. नवराबायको तीन दिवस गॅलरीतच राहिले, उंबरा ओलांडला नाही.

चौथ्या दिवशी भिंत सरकली. चौकटीवर लाल रंगात आकडा आला, खाली दोन सह्या : १८० चौरस फूट.