नाकाचा प्रयोग

"डोळे उघडायचे नाहीत, ताता. हात लावायचा नाही. वाटी मी धरणार, तुम्ही फक्त हुंगायचं."

इंचराने आजोबांच्या डोळ्यांवर आईची ओढणी घट्ट बांधली. शाळेतल्या बाईंनी घरी करायचे चार सोपे प्रयोग दिले होते. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगलं होतं, हळदीचा कागद साबणाने लाल झाला होता, लिंबू आणि सोड्याने बाटलीवरचा फुगा फुगला होता. उरला होता नाकाचा प्रयोग. तो तिने मुद्दाम रविवारवर ठेवला, कारण रविवारी ताता घरी असत. म्हैसूरच्या त्या गल्लीत ताताच्या, म्हणजे शिवनंजप्पाच्या, नाकाचा लौकिक होता. एकतीस वर्षं तो खलील साबांच्या उदबत्तीच्या कारखान्यात सुगंध जुळवत होता. तेलाच्या कुठल्याही डब्यावर त्याने मान हलवल्याशिवाय डबा आत येत नसे.

"आज नको गं. सर्दी झालीये," तो म्हणाला.

"कुठे सर्दी? आईला विचारलं मी."

पहिली वाटी नाकाखाली आली. आत गार झिणझिण्या आल्या. "कापूर," तो म्हणाला.

"बरोबर!"

दुसऱ्या वाटीला काहीच आलं नाही. त्याने अंदाजाने "लवंग" म्हटलं. तो ठेचलेला लसूण होता. तिसऱ्याला "हिंग" म्हटलं, तर मोगरा निघाला. इंचरा खिदळली. "ताता, चेष्टा पुरे हां! मला वहीत लिहायचंय." चौथी वाटी हिंगाची होती. "पुढची दे," तो म्हणाला.

"आता शेवटचं. एकदम सोप्पं."

तिने काहीतरी त्याच्या अगदी नाकाला टेकवलं. तो बराच वेळ श्वास ओढत राहिला.

"कांदा?"

दारात उभी असलेली वनजा, त्याची मुलगी, आत्तापर्यंत हसत होती. ती हसायची थांबली. तिने पुढे होऊन त्याच्या डोळ्यांवरची ओढणी सोडली. इंचराच्या हातात त्याचाच कामावरचा शर्ट होता. कितीही धुतला तरी चंदन न सोडणारा, ज्याच्यामुळे शेजारीपाजारी त्याला रस्त्याच्या वळणावरूनच ओळखत.

"इंचरा, जा, अंडं सोलून खा," वनजा म्हणाली. पोर गेल्यावर ती त्याच्यासमोर बसली. "अप्पा, परवा दूध करपून घरभर धूर झाला. तुम्ही स्वयंपाकघरातच बसला होतात. मला वाटलं, पेपरात गुंग असाल. कधीपासून?"

"फेब्रुवारीत ताप आला होता बघ. तेव्हापासून."

"आठ महिने?"

"येईल परत, असं वाटायचं. रोज सकाळी उठलो की आधी उशी हुंगतो."

"आणि कारखान्यात?"

"हाताला मापं पाठ आहेत. चालून जायचं."

चालून गेलं नव्हतं. दसऱ्याआधी चंदनाच्या तेलाचा नवा डबा आला होता. त्यात भेसळ होती. शिवनंजप्पाने नेहमीसारखा कापसाचा बोळा नाकाशी धरला आणि मान हलवली. वीस दिवसांनी सगळा माल परत आला. पेटवल्यावर चंदनाऐवजी नुसता जळका वास येतो, अशी तक्रार होती. साबांनी त्याला बोलावून विचारलं, खोट कशात, तेलात की चंदनाच्या भुकटीत? तो म्हणाला, "तेल मी स्वतः बघितलं होतं." तेवढंच. त्याने कुणाचं नाव घेतलं नाही. पण भुकटी तोलायची केंपम्मा. चंदन विकून त्यात लाकडाचा भुसा भरला म्हणून तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. तीही एकोणीस वर्षं तिथेच होती. जाताना ती त्याच्या खोलीच्या दारापाशी थांबली होती. तो बाटल्यांची झाकणं पुसत राहिला.

हे त्याने वनजाला सांगितलं. ती उठून आत गेली. त्यापेक्षा ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

इंचरा वही घेऊन परत आली. "ताता, मी आधीच पाचपैकी पाच लिहून ठेवलं होतं. उद्या वर्गात वाचायचंय. आता काय करू? बाई म्हणतात, जे झालं तेच लिहायचं."

शिवनंजप्पाने वही पुढे ओढली.

"एक लिही," तो म्हणाला.

सोमवारी तो साबांपुढे उभा राहिला. वास येत नाही म्हटल्यावर खलील साबांना आधी थट्टाच वाटली. मग त्यांनी टेबलावरची अत्तराची कुपी उघडून पुढे केली. शिवनंजप्पाने मान हलवली, नाही म्हणून. साबांनी कुपीचं झाकण लावायला फार वेळ घेतला.

"मला सांगितलं असतंस, तर मी तुला टाकलं असतं का रे?" ते म्हणाले. "माझं सोड. पण त्या केंपम्माला काय सांगू?"

"मी सांगतो."

केंपम्मा अंगणात कपडे वाळत घालत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती एकेक कपडा झटकत राहिली. शेवटचा टाकून झाल्यावर वळली.

"बारा दिवस, अण्णा. बारा दिवस गल्लीत मला चोर म्हणतायत. माझ्या सुनेने पिठाच्या डब्याला कुलूप लावलं. नाक गेलं, मान्य. ते कुणाच्या हातात नसतं. पण तेव्हा तोंडही गेलं होतं का तुमचं?"

 तो आल्या वाटेने निघाला.

गुरुवारी ती कामावर आली. साबांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि तराजू पुढे केला. तिने तो घेतला नाही. "नको साब. उद्या पुन्हा काही झालं तर? मी आपली पुडे भरीन." ती पुडे भरणाऱ्या बायकांच्या ओळीत, भिंतीकडेला जाऊन बसली.

दुपारी शिवनंजप्पाने तेलाच्या कपाटाची किल्ली साबांच्या टेबलावर ठेवली. त्याच्यासाठी आता कारखान्यात पुडे भरण्याचंच काम उरलं होतं. तो पुड्यांच्या खोलीच्या दारात आला, तसे सगळ्या बायकांचे हात थांबले. इतक्या वर्षांत तो तिथे कधी खाली बसला नव्हता. जागाही दिसत नव्हती.

केंपम्माने मान वर केली नाही. तिने आपल्या शेजारचा रिकाम्या पुड्यांचा गठ्ठा उचलून मांडीवर घेतला आणि भिंतीकडे थोडी सरकली.